राखणीची बाटली

सत्यवान गुरुजींनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, आणि ही गोष्ट खाजणवाडीत कुणाला ठाऊक नाही असं होऊ नये, याची काळजी ते स्वतःच घेत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गुरुजींचं व्यसनमुक्तीवर भाषण ठरलेलं. गांधी जयंतीला तेच भाषण, फक्त लांब. मालवणच्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ, पानात मासळी नाही, आणि वर तालुक्याच्या व्यसनमुक्ती समितीचं अध्यक्षपद. नाव सत्यवान आणि बायको सावित्री. एवढी सगळी तयारी झाल्यावर माणसाने सज्जन न होऊन करायचं तरी काय?

या सज्जनपणाला एकच बारीकसं भोक होतं. गुरुजींच्या आंब्याच्या बागेत एक देवचार होता. देवचार म्हणजे जागेचा राखणदार. त्याला देऊळ लागत नाही, घंटा लागत नाही. किंजळीच्या झाडाखाली एक काळा दगड, बस्स. वर्षभर तो बाग राखतो आणि पौषातल्या अवसेला आपली राखण मागतो: एक कोंबडा, विडी-काडी आणि एक बाटली. आता अध्यक्षाच्या बागेतला देवचार झाला म्हणून त्याने व्यसन सोडावं, असा काही समितीच्या घटनेत नियम नव्हता.

पण गुरुजी तत्त्वाचे. अध्यक्ष झाले त्या वर्षी त्यांनी देवचारापुढे कोकम सरबताचा पेला ठेवला. सुधारणा करायची तर घरापासून. आठवड्याच्या आत धडधाकट माड मुळापासून उन्मळला आणि पडायला बाकी सगळी जागा मोकळी असताना नेमका गुरुजींच्या गोठ्यावर पडला. "वाळवीने पोखरला होता," असं गुरुजींनी चारचौघांत सांगितलं, आणि पुढच्या अवसेला गुपचूप बाटली परत सुरू केली. भाषणात मात्र सरबताचा दाखला अजून तसाच होता. "आमचा देवचारसुद्धा कोकम सरबतावर समाधानी आहे," हे वाक्य आलं की टाळ्या पडत, आणि टाळ्या पडणारं वाक्य गाळायला गुरुजी काही वेडे नव्हते.

बाटली आणण्याचं काम भाईचं. भाई हा वाडीतला गाऱ्हाणं घालणारा मानकरी. देवाशी बोलायचं तर त्याच्यामार्फत, आणि बाटली आणायची तरी त्याच्यामार्फत. कोंबडा तोच बघे, दारू तोच ओते. गुरुजी थोडे मागे डोळे मिटून उभे राहत, म्हणजे आपण काही पाहिलं नाही असं पुढे शपथेवर सांगता आलं असतं.

आता आर्थरकडे वळू. गुरुजींच्या कुंपणाला लागून आर्थर फर्नांडिसचं घर. शाळेत दोघे एका बाकावर होते. पुढे गुरुजी मास्तर झाले, आर्थर बोटीवर गेला, आणि जगातल्या सगळ्या बंदरांत मिळतं ते सगळं पिऊन निवृत्त होऊन घरी आला. आर्थर पितो हे वाडीला सूर्य उगवतो तसं माहीत. गुरुजी भाषणात "आपल्या आजूबाजूलाच पाहा" म्हणाले की लोक आजूबाजूला न बघता थेट आर्थरकडे बघत, आणि आर्थर हात वर करून दाद देई.

आर्थरची एकुलती मुलगी वेनेसा. नर्सिंगला म्हणून पोर्तुगालला गेली आणि तिथेच एका द्राक्षमळेवाल्याच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. आर्थरने तिच्यासाठी बांद्यातला एक मुलगा मनात पक्का केला होता, पेट्रोलपंपवाल्यांचा. मुलीने परस्पर ठरवलं याचा त्याला राग आला. कंबर धरली आहे असं कळवून तो मुलीच्या लग्नाला गेला नाही. कंबर खरंच धरली असती तर गेला असता, इतका तो हट्टी.

पुढच्या नाताळात वेनेसा आली ती एक बाटली घेऊन. सासऱ्याच्या मळ्यातली पांढरी वाइन. त्या घराण्यात चार पिढ्यांची रीत अशी, की घरात सून आली त्या वर्षीच्या वाइनच्या दोन बाटल्या बाजूला काढायच्या. एक आपल्या घरी ठेवायची, एक सुनेच्या माहेरी द्यायची. दोघे व्याही पहिल्यांदा एका मेजावर बसतील तेव्हाच माहेरची बाटली फोडायची, त्याआधी नाही. माहेरच्यांनी ती सांभाळली म्हणजे त्यांनी सोयरीक मान्य केली.

आर्थरला बोलून माफी मागणं जमणारं नव्हतं. बाटली सांभाळणं जमेल असं त्याला वाटलं. पण स्वतःची ओळख त्यालाही होती. त्याच संध्याकाळी तो बाटली कापडात गुंडाळून गुरुजींकडे आला.

"सत्या, माझ्या घरात ही आणि मी, दोघांनी रवाचा म्हटल्यार एकाचो अंत ठरलेलो," तो म्हणाला. "तुझ्याकडे ठेव. तुझ्या घरात हिका कोण इचारूचो नाय. ही ऱ्हवली तर माझा चेडू, वेनेसा, माका परत मिळात."

सावित्रीबाईंनी नाक मुरडलं. "माझ्या देवांच्या फुलांशेजारी नको हां," म्हणून त्यांनी बाटली फ्रिजच्या तळाला, शेवग्याच्या शेंगांखाली ढकलली. तिथे ती चार वर्षं राहिली. मध्ये दोन फ्रिज बदलले, बाटली काही हलली नाही. आर्थर अधूनमधून कुंपणापलीकडून विचारी, "बरी आसा मां ती?" गुरुजी म्हणत, "आसा." जणू काही सासरी दिलेल्या मुलीची चौकशी चालली आहे.

यंदा वेनेसाचा फोन आला. इंत्रूजाला, म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या आधीच्या सणाला, ती येणार, आणि बरोबर सासरे, सेन्योर आवेलिनो. म्हातारा उभ्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होता. आर्थरने फोनवर सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "तेंका सांग, बाटलेक हातसुद्धा लावूक नाय म्हणान!"

आणि नेमकी त्याआधी पौषातली अवस आली.

यंदा अवसेला जिल्हा परिषदेच्या निवडणुकीने गाठलं होतं. मतदानामुळे दारूची दुकानं बंद. भाई दुपारी कपाळाला हात लावून आला. सावित्रीबाई भावाकडे खारेपाटणला गेल्या होत्या, त्यामुळे बोलणं मोकळेपणी झालं.

"गुरुजी, घात झालो. खंयच मिळणा नाय. गावठी पाडणारे पण सगळे प्रचारात."

"मग फुडच्या अवसेक देवया."

"देवचार काय मतदानाक जातलो? तेची अवस ती तेची अवस. सरबत दिलास तेव्हा माड पडलो. आता घराच्या मागे एक फणस आसा, तो खंय वाकलो हा ता एकदा बघून घेवा."

गुरुजींनी बघितलं. फणस घराकडेच वाकला होता. गेली तीस वर्षं तो तसाच वाकलेला होता, पण आजच्याइतका कधी दिसला नव्हता. शिवाय आंबा नुकता मोहरला होता.

तेवढ्यात भाईला तहान लागली. गार पाण्यासाठी त्याने फ्रिज उघडला, आणि खाली वाकलेला माणूस बराच वेळ वर आला नाही.

"गुरुजी," तो आतूनच म्हणाला, "ह्यां काय?"

"तेका हात लावू नको! ती आर्थरची ठेव."

"तुमच्या फ्रिजात?" भाई वर आला तेव्हा त्याच्या तोंडावर असं हसू होतं की गुरुजींना अध्यक्षपद हातातून सुटल्यासारखं वाटलं. "गुरुजी, आर्थर काय तिचा लोणचा घालतलो? आज भागवून घेवा, मागसून तसलीच दुसरी हाडून ठेवा. बाटलेक काय पत्रिका आसता?"

बाटलीला पत्रिका होती. लेबलावर साल होतं, गावाचं नाव होतं, घराण्याचं नाव होतं, मळ्यातल्या दगडी भिंतीचं चित्रसुद्धा होतं. गुरुजींना ते सगळं दिसत होतं. पण त्याच वेळी त्यांना फणसही दिसत होता. ज्याने कधी दारू चाखली नाही त्याला एक पांढरी वाइन दुसरीपेक्षा वेगळी असेल हे कुठून सुचावं? त्यांच्या लेखी सगळी दारू सारखीच वाईट. भाषणातला सिद्धांत माणसाच्या असा अंगाशी येतो.

तिन्हीसांजेला किंजळीखाली पान मांडलं. बाटलीला बूच होतं, आणि बूच काढायचं हत्यार देवचाराकडेही नव्हतं आणि भाईकडेही. भाईने कोयत्याच्या पाठीने मानेवर असा टोला दिला की बाटलीचं मुंडकं जांभ्या दगडांच्या कुंपणाच्या, म्हणजे गडग्याच्या, पार जाऊन पडलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

"आज तुझ्या लेकरान जी काय राखण दिली हा, ती गोड मानून घे. औंदा बाटली परदेशातसून इलेली आसा, काय उणा-अधिक झाला तर सांभाळून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"मोहराक धक्को लावू नको. माकडां भायर ठेव. आणि ह्या सगळा गुपित ठेव, म्हाराजाऽऽ!"

या वेळचं "होय म्हाराजा" गुरुजींनी जरा जोरात म्हटलं.

भाईने दगडावर धार धरली, आणि रिवाजाप्रमाणे शेवटचा घोट प्रसाद म्हणून स्वतःच्या तोंडात ओतला. त्याचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं. "शी! ह्यां काय गुरुजी? कैरीचा पाणी! आणि वास कसलो? तापलेल्या कातळार पाणी शिपडल्यासारखो. ह्येच्यासाठी चार वर्सां थांबलो आर्थर?"

तर चार पिढ्यांच्या मेहनतीवर खाजणवाडीचा अभिप्राय हा असा पडला.

दुकानं उघडल्यावर गुरुजी कामाला लागले. मालवणात बाटली घेणं म्हणजे वर्तमानपत्रात जाहिरात देणं. म्हणून एसटीने बांद्याला, आणि तिथून रिक्षाने हद्द ओलांडून गोव्यात. तोंडाला करोनातला जुना मास्क, माळ सदऱ्याच्या आत. फुटक्या बाटलीच्या पोटाचं आणि खांद्यापर्यंतच्या उंचीचं माप त्यांनी सुतळीवर गाठी मारून घेतलं होतं.

"कसली वाइन होयी?" दुकानदाराने विचारलं.

गुरुजींनी खिशातून सुतळी काढली. "पांढरी. ह्या मापाची."

दुकानदाराने आजवर वाइन वासावर, चवीवर, सालावर आणि बायकोच्या आवडीवर विकली होती; सुतळीवर विकायचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच येत होता. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. तीन बाटल्यांच्या पोटाला सुतळी लावून बघितल्यावर चौथी बरोबर बसली.

घरी येऊन गुरुजींनी जुनं लेबल कोमट पाण्यात सोडवलं आणि तांदळाच्या खळीने नव्या बाटलीवर चढवलं. जन्मभर पोरांच्या वह्यांची कव्हरं तपासलेला हात, एक सुरकुती राहू दिली नाही. मुंडकं नसलेली बाटली त्यांनी अबोलीच्या वाफ्यात पुरली. सावित्रीबाई खारेपाटणहून परतल्या तेव्हा शेंगांखाली बाटली जागच्या जागी होती. त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही. त्यांनी स्वतःला सांगितलं की पित्त झालं आहे.

इंत्रूजाच्या रविवारी आर्थरकडे जेवण होतं. आर्थरची बायको कार्मेलिना आदल्या दिवसापासून चुलीपाशी. गुरुजी आणि सावित्रीबाईंसाठी वेगळ्या भांड्यात वरणभात. भाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण जिथे बाटली फुटणार तिथे भाईला आमंत्रण लागत नसे. सेन्योर आवेलिनो म्हणजे कुणी सुटाबुटातला साहेब येणार अशी वाडीची समजूत होती. आला तो एक वाकलेला म्हातारा, नखांत माती, आणि येताच अंगणातल्या जांभ्याच्या गडग्यावर हात फिरवून काहीतरी पुटपुटला. "म्हणतत, आमच्या मळ्यातल्या भिंती पण अश्शोच, नुसते दगडार दगड," वेनेसाने सांगितलं. आर्थर इतका खूश झाला की त्याने व्याह्याला गडगा सगळा फिरवून दाखवला.

मग आर्थर स्वतः गुरुजींच्या घरी जाऊन बाटली घेऊन आला. मिरवणुकीत देव आणावा तसा दोन्ही हातांत. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत, आणि मुख्य म्हणजे सकाळपासून एक थेंब नाही. बाटली व्याह्यापुढे ठेवून तो मुलीकडे बघून म्हणाला, "चार वर्सां, बाय. तशीच्या तशी."

वेनेसाचे डोळे भरून आले. लग्नात बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिलेली पोर ती. तिने पहिल्यांदा बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आवेलिनोने लेबलावरून अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. बूच काढलं. पेल्यात थोडी ओतली, नाकाशी नेली. एक घोट घेतला. मग पेला हळूच खाली ठेवला आणि सुनेशी दोन वाक्यं बोलला.

वेनेसाने बाटली आपल्याकडे वळवून घेतली.

"काय म्हणता तो? आवाडली?" आर्थरने विचारलं.

"म्हणतत, वाइन बरी आसा," ती म्हणाली. "पण आमची न्हय."

सगळ्यांच्या माना आर्थरकडे वळल्या. कुणी ठरवून वळवल्या नाहीत, सवयीने वळल्या. आर्थरने आधी बाटलीकडे बघितलं, मग गुरुजींकडे. गुरुजी वरणभाताकडे बघत होते. वरणभातात एवढं बघण्यासारखं काही नसतं. चार वर्षं बाटली कुणाच्या घरात होती हे आर्थरला ठाऊक होतं, आणि एका बाकावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याची मान बघून कळतं.

"होय," आर्थर म्हणाला. "माका रवला नाय. सत्याच्या फ्रिजातसून काढून मीच पियालंय. आणि तेच्या जाग्यार दुसरी..."

"पप्पा!"

"चूक झाली, बाय."

"एक बाटली," वेनेसा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "लग्नाक येवक नाय, मी काय बोललंय नाय. एक बाटली सांभाळूची होती. तीपण तुमका झाली नाय."

आर्थर मान खाली घालून उभा. नवा शर्ट अंगावर उगाच चमकत होता. गुरुजींच्या मनात तेवढ्या वेळात समिती येऊन गेली, सव्वीस जानेवारी येऊन गेली, गळ्यातली माळ, तीस वर्षांचे विद्यार्थी, टाळ्या, सगळं येऊन गेलं. गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. आर्थरच्या नावावर इतक्या बाटल्या होत्या, त्यात एक खपून गेली असती. हा विचार मनात आला आणि गुरुजींना स्वतःची शिसारी आली. ते उठून उभे राहिले.

आणि इथेच घोटाळा झाला. उभं राहून चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की गुरुजींच्या तोंडून मालवणी निघतच नसे.

"मित्रहो," ते म्हणाले, "आर्थर निर्दोष आहे. ती बाटली मी स्वतः आमच्या बागेतल्या देवचाराला अर्पण केली. निवडणुकीमुळे अन्य मद्य उपलब्ध नव्हतं. ही दुसरी बाटली मी गोव्यातून खरेदी केली आणि तिला मूळ लेबल चिकटवलं. या कृत्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे."

टाळ्या पडल्या नाहीत एवढंच. कार्मेलिनाने पदराने डोळे टिपले. "ऐकलंस, आर्थर? ह्येका म्हणतत शेजारी. तुझ्यासाठी ह्या देवमाणसान आपल्या तोंडाक काळा फासून घेतला. आणि तू?"

"अहो, मी खरं सांगतोय!"

"हे? हे दारूच्या दुकानात?" सावित्रीबाईंना हसू आवरेना. "ह्यांका खोकल्याच्या औषधाच्या वासान उमासे येतत! खोटां बोलूक पण येणा नाय ह्यांका."

गुरुजींनी शेवटचा साक्षीदार काढला. "भाई, तूच सांग. गाऱ्हाणं तू घातलंस. बाटलीची मान तू उडवलीस."

भाईच्या हातात तळलेल्या सरंगा माशाचा तुकडा होता. त्याने तो नीट खाली ठेवला. मतदानाच्या काळात दारू कुणी कुठे ओतली याची चौकशी सुरू झाली तर पहिलं नाव आपलं, हे त्याला दिसत होतं. "मी काय सांगू, गुरुजी? तुमच्या देवचाराक तर कोकम सरबत लागता मां? तुमीच तर दर वर्सा भाषणात सांगतास."

गुरुजी धावत घरी गेले, अबोलीचा वाफा हातांनी उकरला आणि मातीने माखलेली बिनमुंडक्याची, बिनलेबलाची बाटली घेऊन आले. सगळ्यांनी ती कणवेने बघितली. रिकाम्या बाटल्या आर्थरच्या परसात ढिगाने होत्या. ही त्यातलीच एक, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

इतका वेळ आवेलिनो सुनेच्या दंडाला हात लावून हे काय चाललंय म्हणून विचारत होता. तिने थोडक्यात सांगितलं. म्हाताऱ्याने गुरुजींकडे निरखून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"विचारतत, मगे त्या देवचाराक आवाडली काय?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुरुजी मालवणीत आले. "देवचाराचा माका ठाऊक नाय. भाई म्हणालो, कैरीचा पाणी. आणि तापलेल्या कातळार पाणी शिपडल्यासारखो वास."

वेनेसाने शब्दाला शब्द लावून सांगितलं. म्हातारा आधी थबकला, मग पोट धरून हसायला लागला. हसता हसता खोकला. त्याने भाईकडे बोट दाखवलं, गडग्याच्या दगडांकडे दाखवलं, मांडीवर थाप मारली. मग आत जाऊन बॅगेतून एक बाटली आणली. त्याच्या घरची जोडीतली दुसरी बाटली. त्याने स्वतः ती उघडली आणि पहिला पेला आर्थरच्या हातात दिला. आर्थरने घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि गुरुजींकडे बघून हळूच म्हणाला, "कैरी. आणि कातळ."

अशा रीतीने गुरुजींचं सत्य मालवण तालुक्यात दोन माणसांना पटलं. त्यातल्या एकाला मराठी येत नव्हती आणि दुसऱ्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

बाकीच्यांनी आपली समजूत बदलली नाही. पाहुण्याने मोठ्या मनाने सगळं सावरून घेतलं असा निर्णय झाला. व्याही जाईपर्यंत रोज ओटीवर एकमेकांशेजारी बसत, भाषा नसताना गप्पा मारत. वेनेसा बापाशी बोलली, पण कामापुरतं. निघायच्या दिवशी ती गुरुजींच्या पाया पडायला आली.

"काका, पप्पांसाठी तुम्ही खोटां बोललास, ता मी कधी इसरूचंय नाय," ती म्हणाली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जे बोलायचं ते बोलून झालेलं होतं.

गाडी गेल्यावर ते कुंपणाशी आले. "आर्थर, तिका पत्र लिहितंय. सगळा सविस्तर."

"कित्याक? तुझी अक्षरां बघून आणखी रडात ती." आर्थर गडग्यावर बसला होता. "रवांदे, सत्या. बाप पियक्कड आसा ह्येची तिका सवय आसा. पण काका खोटो निघालो तर तिना बघूचा कोणाकडे? माझा काय, एक बाटली जास्त." असं म्हणून तो रस्त्याकडे बघू लागला. तिची गाडी वळणापलीकडे कधीच गेली होती.

गांधी जयंतीला समितीने गुरुजींचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. "मित्राचं व्यसन झाकण्यासाठी स्वतःचं चारित्र्य पणाला लावणारे," असं सूत्रसंचालकाने म्हटलं. मित्राचं नाव सभ्यपणे घेतलं नाही. सगळ्यांनी वळून आर्थरकडे बघितलं. आर्थरने उठून चौफेर नमस्कार केला आणि सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी सत्काराला उत्तर देताना पुन्हा एकदा कबुली दिली. लोक उभे राहिले. काहींनी रुमाल काढले.

पुन्हा पौष आला. आंबा मोहरला. अवसेच्या आदल्या दिवशी भर दुपारी, बाजार भरलेला असताना, गुरुजी मालवणच्या भर पेठेतल्या दारूच्या दुकानात शिरले. मास्क नाही, माळ सदऱ्यावर. खणखणीत आवाजात त्यांनी दोन बाटल्या मागितल्या. दुकानात गर्दी होती आणि दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी होता. गुरुजींना हेच हवं होतं.

"गुरुजी, तुमी?" तो गडबडला. मग त्याचा चेहरा निवळला. "आर्थरसाठी मां?"

"नाय. एक माझ्या देवचारासाठी. आणि एक आर्थरची, मी खाल्लेली, तेची भरपाई."

दुकानदाराने गल्ल्यावरून हात जोडले. मागच्या गिऱ्हाइकांनी टोप्या काढून बाजूला होऊन वाट दिली. गुरुजी नको नको म्हणत असताना त्याने दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळल्या, वर सुतळी बांधली, आणि पुडा त्यांच्या हातात देताना म्हणाला, "घेवा. आणि त्या आर्थराक माझो निरोप सांगा, आता तरी सुधार म्हणान."